गोठवू नये

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, नवऱ्याला नाही, जिच्याशी रोज फोनवर बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. लपवायला फार कष्ट पडले असंही नाही — कुणी विचारलंच नाही. एकदाच विचारलं होतं, एका माणसानं, आणि त्याला मी एका शब्दात उत्तर दिलं. तो शब्द सांगायचाय म्हणून हे सगळं. पण तो लगेच लिहिता येत नाहीये. जरा लांबून येते.

आधी मी कोण ते. मी बीड तालुक्यातली, लिंबागणेशच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. आमचं घर मेंढरांचं. आबा मेंढरांमागं, चुलते मेंढरांमागं, आजोबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं. त्या घरात दहावी पहिली मी झाले. बारावी पहिली मी, बी.एस्सी. पहिली मी, एम.एस्सी. पहिली मी. हे मी मान खाली घालून सांगत नाही. तेव्हाही सांगत नव्हते. वस्तीवर सरकारी कागद आला की माझी वाट बघितली जायची. कुठं सही करायची ते मी बोट ठेवून दाखवायची. वाचणारी म्हणजे मी. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

एम.एस्सी.नंतर जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात पीएच.डी.ला लागले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सरांचंही नाही. या गोष्टीत दोष त्यांचा नाही. प्रयोगशाळा म्हणजे प्राणिशास्त्र विभागामागची एक लांबट खोली. एक फ्रीज, एक डीप फ्रीजर, काळा पडदा लावलेल्या कोपऱ्यात एक सूक्ष्मदर्शक — ज्याला सर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आणि किसनकाका.

किसनकाका तिथले परिचर. चौदा वर्षं त्या खोलीत, आणि चौदाही वर्षं हंगामी. गाव माजलगावच्या धरणाच्या पाण्याकडेला. शिक्षण मराठी सातवी. पेपर हातात आला की पहिल्या पानाच्या वरच्या ओळीपासून मागच्या पानाच्या खालच्या ओळीपर्यंत वाचणार, पण इंग्रजीचं अक्षर नाही. तरी कुठली बाटली कुठं हे सरांआधी त्यांना ठाऊक. निळ्या बुचाची, कवटीच्या चित्राची, ‘ती वास मारती ती’ — अशी त्यांची नावं. खोलीची किल्ली त्यांच्या करदोट्याला. ती ते कधी काढून ठेवत नसत.

त्या वर्षी हंगामी लोकांना कायम करायचं चाललं होतं. सरांच्या शिफारशीचं पत्र गेलं की काकांचं नाव पुढं जाणार होतं. काका हे फार कुणाला बोलले नव्हते. मला बोलले होते. “पोरी, एकदा कायम झालो का मंग म्हातारपनाचा घोर न्हाई बघ.”

आता आमचं काम. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते. निरोप पोचला की तो पुसावा लागतो. फळा पुसल्याशिवाय दुसरं गणित मांडता येत नाही, तसं. हे पुसायचं काम करणारं एक एन्झाइम असतं. कापसावर फवारतात त्यातली काही औषधं नेमकं त्यालाच धरून ठेवतात. सरांचा प्रश्न साधा होता — शेतातलं पाणी ओढ्यानं धरणात येतं, तर तिथल्या माशांच्या मेंदूत हे एन्झाइम किती उरलंय, आणि कुठं कुठं उरलंय? नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. ते दाखवायला अँटिबॉडी लागते. मेंदूच्या पातळ कापावर ती टाकली की ती दुसऱ्या कशाला शिवत नाही, फक्त त्या एन्झाइमला जाऊन चिकटते. तिला आधीच रंग जोडलेला असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. जिथं हिरवं, तिथं एन्झाइम. बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत तळाला चार थेंब. ती मागवायचे कागद सहा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते.

ती आली शुक्रवारी दुपारी. सर विद्यापीठात गेलेले, मंगळवारी येणार. काका गेटवरून थर्माकोलचं खोकं दोन्ही हातांवर घेऊन आले, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसे. मी खोकं फोडलं. आत गार पिशव्या, पिशव्यांत पुठ्ठ्याचं लहान खोकं, त्यात ती बाटली.

“एवढूसं?” काका म्हणाले. “सहा म्हैने वाट बघितली, म्या म्हनलं हत्ती येतोय का काय.”

मी हसले. त्यांना धरणावरून मासे आणायचे होते, बाहेर जीप थांबली होती. मी म्हणाले, तुम्ही जा, मी ठेवते. ते गेले. खोलीत मी एकटी.

बाटलीबरोबर माहितीचा कागद होता, इंग्रजी. मी वाचायला घेतला. एन्झाइमचं नाव. रंगाचं नाव. मग — कुठल्या प्राण्यात तयार केली. शीप. मेंढी.

मी तिथंच थांबले.

हे कसं सांगू? सहा महिने जिची वाट बघितली ती वस्तू मेंढीच्या रक्तातून आली होती. कॉलेजात मला ‘मेंढरंवाली’ म्हणणारे होते. तोंडावर नाही, मागं. आणि आता हे! मी कागदाची घडी केली, फाइलीत ठेवली, आणि आबांना फोन लावला.

“आबा, आमच्या प्रयोगाचं औषध आलंय. मेंढीच्या रक्तातून काढलेलं.”

“कंच्या मेंढीच्या?”

“परदेशातल्या.”

“आगं पर दख्खनी हाय का आनिक कोन? आन् रक्त काढल्याव मेंढी जित्ती ऱ्हाती का न्हाई?”

“राहते.”

“मंग बरं हाय. गार ठिव. लशीवानी.”

गार कसं ठेवायचं ते मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी मेंढरांच्या लशी दवाखान्यातून रानातल्या मेंढवाड्यापर्यंत मीच आणायची. थर्मासात बर्फ, बर्फात लस. जनावरांचे डॉक्टर दर वेळी एकच सांगायचे — बर्फ विरघळला की लस मेली. मी उन्हातून पळत यायची, थर्मास छातीशी धरून. जेवढं गार तेवढं चांगलं, हे माझ्या हाडात बसलेलं. फ्रीज नुसता गार. डीप फ्रीजर म्हणजे बर्फाच्याही खाली वीस अंश. मी ते पुठ्ठ्याचं खोकं बाटलीसकट डीप फ्रीजरच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, अगदी मागं सरकवलं. दार दोनदा दाबून बघितलं. फार समाधान वाटलं.

संध्याकाळी काका मासे घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, “ठिवली का?” मी म्हणाले, ठेवली. कुठं ते त्यांनी विचारलं नाही. कशाला विचारतील? मी शिकलेली.

शनिवारी लोडशेडिंगला लाइट चार-पाच तास गेली. काकांची एक रीत होती. लाइट लांबली की फ्रीजमधल्या नाजूक बाटल्या ते डीप फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात नेऊन ठेवायचे, कारण डीप फ्रीजर बंद असला तरी गारवा धरून राहतो. लाइट आली की लगेच परत फ्रीजमध्ये. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, चौदा वर्षांत त्यांनीच बसवलेलं होतं, आणि त्यामुळं आमचं कधी काही खराब झालं नव्हतं. त्या शनिवारीही त्यांनी तेच केलं. मी तिथंच काप करत बसले होते. वरचा कप्पा, बरं का. खालच्याला त्यांनी हात लावला नाही. मी पाहिलं आहे.

सोमवारी सकाळी मी नोंदवहीत लिहिण्यासाठी तो कागद पुन्हा काढला. ‘शीप’च्या खालचीच ओळ. ठळक अक्षरात. दोन ते आठ अंशांत ठेवा, गोठवू नये.

मी डीप फ्रीजर उघडला. बाटलीतले चार थेंब पांढरे, दगड झाले होते. मी बाटली मुठीत धरली, पाणी होईपर्यंत धरून बसले, आणि मग फ्रीजच्या दारातल्या खणात नेऊन ठेवली — जणू काही शुक्रवारपासून ती तिथंच होती. कुणी बघितलं नाही. पुठ्ठ्याचं खोकं मात्र खालच्या कप्प्यात बर्फाला चिकटून तसंच राहिलं. ते मी विसरले.

मंगळवारी सर आले. मी तेव्हा सांगू शकले असते, नाही का? सर ओरडले असते. माझ्या पीएच.डी.च्या मुदतवाढीचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून होता, तो आणखी काही दिवस पडला असता. एवढंच. मी काही बोलले नाही. म्हटलं, कदाचित काही झालंही नसेल.

काम सुरू झालं. धरणातले मासे, आणि तुलनेला विहिरीतले, जिथं फवारणीचं पाणी जात नाही. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली काळं. दुसऱ्या दिवशी काळं. विहिरीच्या माशांतही काळं, म्हणजे चूक आमच्याकडं. सर म्हणाले, तुझे काप जाड पडतायत. मी बारीक काप केले. मग म्हणाले, मासे ताजे नाहीत. काकांनी आणखी मासे आणले, जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन, वाटेत दोनदा पाणी बदलून. मी ते मारले, मेंदू काढले, कापले. तीन आठवडे. काळं का येतंय हे त्या खोलीत एकटीला माहीत होतं, आणि ती एकटी रोज सकाळी नवा मासा कापायला घेत होती.

शेवटी सरांनी कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता — बाटली गोठली होती का?

सर उत्तराचा कागद हातात घेऊन खोलीत आले. फ्रीज उघडून बघितला. मग डीप फ्रीजर. वरचा कप्पा, मधला, खालचा. हात आत खोलवर घातला आणि बर्फ लागलेलं ते पुठ्ठ्याचं खोकं बाहेर काढलं. टेबलावर ठेवलं. खोलीत आम्ही तिघंच. सर, मी, आणि दाराशी काका, हातात ओलं फडकं.

“हे डीपमध्ये कोणी ठेवलं?”

मी खोक्याकडं बघत होते. त्याच्यावरही छापलेलं होतं, तेच, ठळक.

सरांनी काकांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलंच नाही, ही गंमत बघा. इंग्रजी येणारी बाई हे करेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. “पार्सल म्याच आनलतं सायेब,” ते म्हणाले. “ठिवायच्या टायमाला म्या नव्हतो, माश्याला गेलतो. पर शनवारी लाइट गेलती. तवा म्या हलवाहलव केलती. आता नेमकं काय काय हलवलं... ध्यानात न्हाई.” मग ते माझ्याकडं वळले. ते खोटं बोलत नव्हते, वाचवा असंही म्हणत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मी तिथं होते म्हणून मला विचारत होते — वस्तीवरची माणसं कागद पुढं करून विचारतात तसं. “पोरी, तू व्हतीस की तितं. म्याच ठिवली आसल का गं?”

आता तो शब्द.

मी म्हणाले, “असेल.”

बाकी काही नाही. ‘हो’ म्हणाले नाही. ‘तुम्हीच ठेवली’ म्हणाले नाही. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की मी खोटं बोलले नाही, मी फक्त ‘असेल’ म्हणाले. पण ते ‘हो’पेक्षा वाईट होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर काका कदाचित भांडले असते, न्हाई बा, म्या न्हाई, म्हणाले असते. ‘असेल’ म्हटल्यावर त्यांना पटलं. ते स्वतःशीच मान हलवत म्हणाले, “आसल, आसल. म्याच आसल.”

सर फार बोलले नाहीत. “इंग्रजी येत नाही तर हात कशाला लावायचा?” एवढंच म्हणाले. काकांनी करदोट्याची किल्ली सोडवली. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. मी बसून होते.

त्यांना बागेकडं पाठवलं. शिफारशीचं पत्र गेलं नाही. कायम झाले दुसरे. काका आणखी सात वर्षं त्या कॉलेजात होते, झाडांना पाणी घालत, आणि हंगामीच निवृत्त झाले. माझ्या मुदतवाढीवर सही झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला सांगितलं, फ्रीजवर मराठीत सूचना लाव, इथं इंग्रजी न येणारी माणसं असतात. माझं अक्षर चांगलं आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं — ‘बाटलीवर लिहिलेले वाचल्याशिवाय आत ठेवू नये. गोठवू नये.’ काका खिडकीबाहेर पाइप धरून उभे होते. त्यांनी गजांतून ते मोठ्यानं वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर, आणि म्हणाले, “ब्येस केलंस. आता कुनी चुकायचं न्हाई.”

नंतर दुसरी बाटली आली. हिरवं दिसलं — विहिरीच्या माशांत दाट, धरणाच्या माशांत विरळ. सुंदर दिसतं ते, खोटं कशाला बोलू? मला डॉक्टरेट मिळाली. आबा वस्तीवरून फेटा बांधून आले होते. प्रबंधात आभाराच्या पानावर मी किसनकाकांचं नाव घातलं, मासे आणून दिल्याबद्दल. ते पान त्यांना बागेत नेऊन दाखवलं. त्यांनी हात धोतराला पुसले आणि विचारलं, “ह्यात माजं नाव कंचं?” पान इंग्रजी होतं. मी बोट ठेवून दाखवलं.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. ती खोली माझ्या ताब्यात आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये. पुठ्ठा पिवळा पडलाय, पण फ्रीजवर तसाच आहे.

यंदा प्रथम वर्षाला एक मुलगी आली. पहिल्याच प्रात्यक्षिकाला रसायनाची बाटली हातात घेतली आणि तिच्यावरचं सगळं वाचायला लागली, वरपासून खालपर्यंत, शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत. बाकीची पोरं हसत होती. एक म्हणाला, “अगं ए, पेपर वाचायलीस काय?” मी तिला विचारलं, एवढं काय वाचतेस? ती म्हणाली, “मॅडम, माझ्या आज्यानं बजावलंय. आजा इथंच कामाला होता. त्यानं एकदा न वाचता औषध गोठवलं, तवा त्याची नोकरी कायम झाली न्हाई. आमच्या घरात सगळ्यांना माहीत हाय. आजा म्हणतो, इंग्रजी शिक, बाटलीवरचं आधी वाच, न्हाईतर माझ्यावानी हुईल.”

मी आडनाव विचारलं नाही. गरज नव्हती.

ती माझ्याकडं बघत उभी होती, मी काहीतरी म्हणावं म्हणून. माझ्या समोर अठ्ठावीस पोरं होती. मी म्हणाले, “बरोबर सांगितलं आजोबांनी.” आणि पुढचा प्रयोग समजावायला घेतला.

म्हणजे हे दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी विद्यार्थिनी होते, सही अडकली होती, सर समोर होते. या वेळी काय अडकलं होतं? काहीच नाही. नोकरी कायम आहे, सर निवृत्त झालेत, आणि समोर उभी होती ती सतरा-अठरा वर्षांची पोरगी. तरी तोंडातून तेच निघालं.

काका आहेत. गावी असतात, धरणाकडेच्या घरात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि आता पुन्हा पेपर वाचतात, असं नात सांगत होती.

बाटली शुक्रवारी दुपारी मी ठेवली. डीप फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, मागं. किसनकाकांनी शनिवारी फक्त वरच्या कप्प्यात हलवाहलव केली आणि लाइट आल्यावर सगळं होतं तिथं परत ठेवलं. मी समोर बसले होते. मला इंग्रजी येत होतं.

हे मी मराठीत लिहिलंय. काकांना मराठी वाचता येतं.